गोठ्याच्या दारातली सासू

तिच्याइतकं तुच्छतेनं बघणारं दुसरं कोणी मी आयुष्यात पाहिलं नाही. माणसांत एकदोघं आहेत, पण त्यांना त्यासाठी तोंड उघडावं लागतं. हिला लागत नसे. गोठ्याच्या दारात ती आडवी पडलेली असायची. तुम्ही अंगणात पाऊल टाकलंत की मान न उचलता एक डोळा उघडायची, तुमच्या चपलेपासून टिकलीपर्यंत एकदा बघायची आणि डोळा मिटून घ्यायची. तेवढ्यात आपलं पोट सुटलंय, आपला आवाज मोठा आहे आणि आपल्याला इथे कोणी बोलावलेलं नाही, हे सगळं माणसाला कळून चुकायचं.

कुत्री होती ती. गावठी, काळी, तोंडापाशी राखेसारखी पांढरी पडलेली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे. तिथे माझ्या सासऱ्यांच्या शेळ्या ती राखायची. तिला नाव काय होतं कोणास ठाऊक. मी आले त्या दिवसापासून ती सासू झाली. माझी खरी सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली, आणि मला सासुरवास नाही हे मी महाडभर सांगत फिरायचे. टेम्पोतून सामानासकट उतरले तेव्हा ही उठून आली, माझ्या पिशवीचा वास घेतला, शिंकली आणि परत जाऊन पडली. शेजारची पारू, माझी चुलत जाऊ, कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "सासू नाय म्हणून मिरवत होतीस ना गो वयनी? घे आता."

मी तेव्हा पन्नाशी उलटलेली तरुण मुलगी होते. हसू नका, मला खरंच तसं वाटायचं. आता सत्तरीच्या जवळ आल्यावर त्या बाईकडे बघते, तर तिला हाताला धरून परत टेम्पोत बसवावंसं वाटतं. आमचे हे एस.टी.तून निवृत्त झाले, ड्रायव्हर होते. जन्म महाडात गेला, नळाचं पाणी आणि कोपऱ्यावर इस्त्रीवाला. पण आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकट्याने शेळ्या झेपेनात म्हणून आम्ही वाडीवर आलो. वाडी इतकी वर्षं माझीच वाट बघत होती अशी माझी समजूत. मी येताना गोठ्याला लावायला पडदा आणला होता. फुलाफुलांचा. माशा आत जाऊ नयेत म्हणून. तो दुसऱ्या दिवशी बोकडाने खाल्ला. सासू शेजारीच पडलेली होती. तिने त्याला अडवलं नाही.

आबा ऐंशीच्या पुढचे. दात सगळे गेलेले, पण जिभेची धार शाबूत. त्यांनी मला स्वतः होऊन एक वाईट शब्द कधी ऐकवला नाही. जे बोलायचं ते तिच्या तोंडून बोलायचे. माझी भाकरी जाड झाली की तिच्याकडे बघत सांगायचे, "ती म्हणते, ही खायची का कौलाच्या जागी लावायची?" मी मॅक्सी घालून अंगणात आले की, "ती म्हणते, पाहुणी अजून आंघोळ करून आली नाय वाटतं." मी फुरंगटले तर हात झटकायचे. मी कुठं काय बोललो बाय, मी नुसतं सांगतो. आणि खोटं कशाला बोलू, त्या कुत्रीच्या तोंडाकडे बघितलं की आबा शब्दसुद्धा आपल्या पदरचा घालत नाहीत हे दिसायचं.

तिचे दात झिजले होते आणि हाताखाली एक पोरगं तयार करायला हवं होतं. आबा वाडीतल्याच एका कुत्रीची पिल्लं बघून ठेवून होते. पण मी शहाणी. महाडच्या आमच्या जुन्या घरमालकीणबाईंच्या गोदामात कुत्री व्याली होती, त्यातलं एक गुबगुबीत तांबडं पिल्लू मी पिशवीत घालून आणलं. कोणाला विचारलं नाही. वाडीवर पिल्लू आणायचं म्हणजे काय, हेही विचारलं नाही. आमच्याकडे कुत्र्याला एकच कायदा. शेळीला ज्याने दात लावला, त्याला वाडीत जागा नाही. रक्ताची चव लागलेलं कुत्रं शेळ्यांत ठेवत नाहीत, गाडीत घालून लांब सोडून येतात. ते शेंबडं पोरगं मी कुठल्या परीक्षेला बसवत होते हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यात मी त्याचं नाव ठेवलं. कुत्र्याला माणसाने शिकवायचे शब्द आमच्याकडे तीनच. जवळ बोलवायचं तर 'यू यू', घालवायचं तर 'हाड', आणि अंगावर सोडायचं तर 'छू'. बाकीचं सगळं कुत्र्याने कुत्र्याकडून शिकायचं. वानरं फणसावर आली की आबा ओटीवरून नुसतं 'छूऽऽ' करायचे आणि म्हातारी सासू दगड सुटावा तशी सुटायची. आता अशा घरात मी पिल्लाचं नाव काय ठेवावं? छुटकू. टीव्हीवरून उचललेलं. आणि हाक मारायची ती लाडात येऊन, पहिलं अक्षर लांबवून. छूऽऽऽटकू. त्यातलं 'टकू' अंगणातच पडायचं, 'छू' तेवढं डोंगरापर्यंत जायचं.

पहिल्यांदा हाक मारली तेव्हा सासू झोपेतून ताडकन उठली, अंगणाच्या दगडी गडग्यावर चढली आणि चारी दिशांना वानर शोधू लागली. वानर नाही, डुक्कर नाही. अंगणात मी, हातात दुधाची वाटी. गडग्यावरून उतरताना तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी मेले तरी विसरणार नाही. आबा म्हणाले, "ती म्हणते, कोणाच्या अंगावर जायचं ते तरी सांग. दुधाच्या?" पारूने तर सरळ सांगितलं, नाव बदल म्हणून. पण पुण्यात नातवाला व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवून झालं होतं, मोबाइलवर फोटो टाकून झाला होता, महाडच्या बायकांनी त्याला अंगठे दिले होते. माझ्या पिल्लाला काय हाक मारायची ते वाडीने मला शिकवू नये, असं मी पारूला ऐकवलं. काय तोरा. गोठ्याला पडदा लावणारी बाई ती, तिच्याकडून आणखी काय होणार?

त्याचं शिक्षणही मी हातात घेतलं होतं. मोबाइलवर कुत्र्यांना शिकवायचे व्हिडिओ बघायचे आणि ओटीवर वर्ग भरवायचे. बिस्किटाच्या जोरावर छुटकू शेकहॅन्ड करायला शिकला. आल्यागेल्याला पाय द्यायचा. एकदा बोकडासमोर बसून त्यालाही दिला. सासू गोठ्याच्या दारातून हा वर्ग एका डोळ्याने बघत असायची. आबा म्हणाले, "ती म्हणते, हा निवडणुकीला उभा हाय का?"

तिची शाळा वेगळी होती. तीत बिस्किटं नव्हती, कौतुक नव्हतं, आणि मला वाटायचं, शिकवणंही नव्हतं. सकाळी शेळ्यांमागे निघाली की पिल्लाने तिच्या मागच्या पायापाशी चालायचं. पुढे गेलं की ती काही करायची नाही, नुसती थांबून आडवी व्हायची, आणि पिल्लू तिच्या बरगड्यांवर जाऊन आपटायचं. कोंबडीमागे धावलं की त्याचं सगळं तोंड आपल्या तोंडात धरून उभी राहायची, शेजारीण दारात उभी राहून गप्पा मारते तितक्या शांतपणे. आणि एकदा तर तिने त्याला मुद्दाम नुकत्या व्यालेल्या शेळीपाशी नेलं आणि आपण बाजूला झाली. शेळीने त्याला असं शिंगावर घेतलं की ते थेट शेणाच्या खड्ड्यात. मी हळद घेऊन धावले. सासूने माझी वाट अडवली, दात न दाखवता, नुसती मधे उभी राहून. आबा म्हणाले, "ती म्हणते, पोराला शाळेत घातलंय. आईनं डबा घेऊन वर्गात बसू नये." मी घरात जाऊन रडले, आणि सगळी वाडी एका कुत्रीला घाबरते असं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आम्ही घाबरत नाय, आम्ही तिचं ऐकतो.

थंडीच्या दिवसांत वानरं आली, आणि आबांनी दोघांनाही 'छू' केलं. पिल्लू पहिल्यांदाच सासूच्या मागे जीव तोडून धावलं. वानरं पळाली. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. 'छू' म्हणजे काय ते आता त्याला पक्कं कळलं होतं. सगळ्या वाडीला ते कळलं. मला सोडून.

त्यानंतर लगेचच एका दुपारी शेळ्या खालच्या उतारावर चरत होत्या. पारूच्याही होत्या त्यांत, आणि तिच्या एका शेळीचं कोवळं करडू. छुटकू सासूच्या पायापाशी शहाण्यासारखा बसलेला. मी गडग्यावर उभी, हातात दूधभाकरी, आणि मला माया आली. माझी माया नेहमी नको तेव्हाच यायची. मी हाक मारली. छूऽऽऽ. त्याने कान टवकारले, समोर बघितलं. समोर करडू होतं. तो सुटला. आणि मी काय करावं? तो उलट्या दिशेने चाललाय म्हणून आणखी मोठ्याने हाक मारली. मग आणखी मोठ्याने. मी जितकी ओरडले तितका तो पेटला, आज्ञाधारक लेकरू माझं.

'छू' ऐकून सासूही उठली होती. पण ती आधी बघायची, मग धावायची. तिला वानर दिसलं नाही, करडाचा कान दातात धरलेलं पिल्लू दिसलं. तिने आडवी जाऊन खांद्याने त्याला अशी धडक दिली की दोघं उतारावरून लोळत गेली आणि खालच्या दगडावर थांबली. मी धापा टाकत पोचले तेव्हा ते खाली आणि ही वर, त्याची मान तिच्या तोंडात. चावत नव्हती, नुसती धरून होती. तिचा पुढचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता. तो पुढे कधी नीट टेकलाच नाही.

पारू करडाला काखेत घेऊन अंगणात आली. त्याचा कान फाटला होता, तिच्या लुगड्यावर रक्त. ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कोणाला हार गेले नसते. ती म्हणाली, "नाव तुझं वयनी, आणि कान माझ्या करडाचा." ह्यांनी दोरी काढली. उद्या सकाळच्या जीपने जाऊन जिथलं तिथं सोडून येतो, म्हणाले. पिल्लू माझ्या पायांमागे लपलेलं. माझा सगळा तोरा त्या दोरीकडे बघून गळाला. मी त्या वाडीत एवढी मिरवत होते, पण मला बघून धावत येणारं तिथे तेवढं एकच होतं.

मी आबांकडे बघितलं. आबा बराच वेळ सासूचा पाय चोळत बसले. मग पारूलाच म्हणाले, "हिला विचारू. शिमग्यापर्यंत हिनं त्याला गोठ्याच्या दारात झोपू दिलं, तर तो राहील. नाय दिलं तर जाईल. चालेल तुला?" पारू सासूकडे बघून म्हणाली, तिचं काय ते चालेल. मग आबा माझ्याकडे वळले. "आणि बाय, तू हाक मारायची नाय. नाव ठेवलंस ना, आता नुसतं ठेव. बाहेर काढू नको."

तुम्ही कधी गप्प बसून बघितलंय? मी तोवर बघितलं नव्हतं. लग्नातसुद्धा अंतरपाटाआडून आचाऱ्याला सूचना देणारी बाई मी. पण त्या दिवसांत मी तोंडाला कुलूप लावलं, आणि दुसरं काही करता येईना म्हणून बघत बसले. ती लंगडी म्हातारी त्याला रोज त्या फाटक्या कानाच्या करडापाशी न्यायची आणि आपण आडवी पडायची. करडू आधी लांब राहायचं, मग तिच्या पाठीवर चढउतार करायचं. पिल्लू तिच्या मागे थरथरत पडलेलं. त्याने नुसती मान उचलली की तिच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा, मागे वळूनसुद्धा न बघता. मान खाली. जो धडा मी हाका मारून मारून पुसला होता, तो तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून गिरवायला घेतला.

पण दारात जागा नाही. संध्याकाळी शेळ्या आत गेल्या की ती उंबऱ्यापाशी अशी ताणून पडायची की मुंगीलाही जागा उरू नये. तो समोर उभा राहायचा, कुंई करायचा आणि थंडीत उकिरड्याच्या उबेला जाऊन पडायचा. एकदा मी त्याच्यासाठी गोणपाट घेऊन गेले. सासूने डोळा उघडला. मी गोणपाट परत आणलं. पारू रोज त्याच वेळेला वाटीभर काहीतरी उसनं मागायला यायची, कधी मीठ, कधी साखर. तिच्या घरात मिठाचं पोतं होतं. गोठ्याकडे बघून जायची. मलाही ते पोतं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडाला कुलूप.

वाडीत होळीची लाकडं गोळा व्हायला लागली, तशी माझी झोप उडाली. ह्यांनी दोरी खुंटीवरच ठेवली होती.

एका संध्याकाळी शेळ्या उतरताना दिसल्या, पण रोज शेवटी असणारी सासू आज सगळ्यांच्या आधी एकटीच लंगडत आली. शेळ्यांच्या मागे तो होता. फाटक्या कानाचं करडू एका झुडपापाशी रेंगाळलं, तर हा थांबला. भुंकला नाही, ढकललं नाही. त्याचं पान खाऊन होईपर्यंत आडवा उभा राहिला, हुबेहूब तिच्यासारखा. सासू गोठ्याच्या दारापाशी आली, आणि थांबली नाही. पुढे येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसली. गोठ्याचं दार रिकामं.

शेळ्या आत गेल्या. तो त्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिला. सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. सासूने डोळा मिटून घेतला. तो आधी पाहुण्यासारखा अंग चोरून टेकला, मग हळूहळू पाय लांब केले. गडग्यापाशी पारू वाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "काढ पदर तोंडातला, मरशील." आणि त्या दिवशी काही उसनं न मागता गेली. ह्यांनी दोरी खुंटीवरून काढून अंगणात बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले. माझ्याने राहवलं नाही, मी आबांना विचारलं, काय म्हणते ती? आबा म्हणाले, "ती म्हणते, एक झालं. दुसरं वयानं मोठं हाय, वेळ लागेल."

पिल्लाच्या नावातलं 'छू' वाडीने काढून टाकलं. उरलं टकू. अंगभर केस, आणि नाव टकू. मीही तीच हाक मारायला लागले.

पुढचा उन्हाळा आणि सबंध पावसाळा ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात राहिली, आणि गोठ्याकडे तिने एकदाही वळून बघितलं नाही. बिबट्याचा वास येऊन टकू भुंकायचा, शेळ्या बावरायच्या, ही आपली भाकरी चघळत बसलेली. दिलं ते दिलं. मला हे जमत नाही म्हणून सांगते. माझ्या सुनेच्या हातात मुलाचा पुण्याचा संसार देऊन मला जमाना झाला, आणि आजही मी तिला सकाळी फोन करून आमटीत चिंच घातलीस का विचारते. सून गोड बोलते. तिच्या जागी सासू असती तर शिंकली असती.

भातं कापून झाली होती तेव्हाची गोष्ट. तिने दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं. संध्याकाळी शेळ्या अजून उतारावर होत्या आणि टकू त्यांना सोडून धावत अंगणात आला. त्याला कसं कळलं ठाऊक नाही. तिच्याजवळ येऊन तिचं तोंड हुंगायला लागला. दात नव्हतेच, श्वासही धड लागत नव्हता, पण ती गुरगुरली. शेळ्या बाहेर आहेत आणि तू इथे काय करतोस, एवढंच. ते मला आबांनी सांगावं लागलं नाही. तो एक पाऊल मागे गेला, थांबला, आणि वळून उताराला लागला. मला त्याला थांबवावंसं वाटलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. शेवटची शेळी आत जाईपर्यंत ती गेली होती.

आबांनी तिला परसात हिरड्याखाली पुरलं. ह्यांनी खड्डा खणला, मी दगड वाहिले. पारू आली, तिने हळदकुंकवाची चिमूट वाहिली आणि जरा वेळ हात जोडून उभी राहिली. मग पदराने डोळे पुसत माझ्याजवळ आली.

"गेली सासू," ती म्हणाली. "आता या घरात मोठी तूच गो."

आणि माझ्याकडे पायापासून टिकलीपर्यंत एकदा बघून तिने सुस्कारा टाकला. "शेळ्यांचं काय खरं नाय."